‘किती छान! विकतेस का गं?’ हा प्रश्न आता पुरे

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, आणि चिडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून चिडा.

मी व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. पुण्यात सीए केलं, गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये आहे. लोकांच्या धंद्यांचे हिशेब तपासून पोट भरते, त्यामुळे पैशाला नावं ठेवणारी बाई म्हणून मला कोणी मोडीत काढू नये. तरीही आज मी म्हणणार आहे की आपल्या पोरांच्या हातातल्या क्रोशाच्या सुईला किमतीचं लेबल चिकटवणं थांबवा. यातली पहिली गुन्हेगार मीच आहे.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजी-आजोबांचे दिवस कसे जातात ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही दोघं कामावर, बाहेर पाऊस, शेजाऱ्यांशी ‘हॅलो’च्या पुढे भाषा नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बॅगेतून सुई काढली. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या रुखवतासाठी क्रोशाचं तोरण, ताटावरचे रुमाल आणि पडद्याची लेस विणली होती. ‘अमिगुरुमी’ हा जपानी शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. आमच्या तेरा वर्षांच्या लेकीने फोनवर एक विणलेला ऑक्टोपस दाखवला. सासूबाईंनी तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, “हे तर मुके खांबच आहेत, फक्त गोलात.”

झालं. दोघी सोफ्यावर बसल्या त्या पुढचे पाच महिने उठल्याच नाहीत म्हणा ना.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा प्राण्याची सुरुवात एका छोट्या कड्यातल्या सहा टाक्यांनी होते. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढवले की सपाट गोल होतो, वाढवणं थांबवलं की कडा वर वळतात आणि वाटी तयार होते, कमी करत गेलं की चेंडू मिटतो. डोकं, पोट, कान, शेपूट, सगळं या तीन गोष्टींतून. म्हणजे हातात धरता येणारा सहाचा पाढा.

आणि हा पाढा आमच्या घरात मराठीत मोजला जात होता. ज्या मुलीला ‘फॉर्टी एट’ला काय म्हणतात ते सांगता येत नव्हतं, ती “बेचाळीस, अठ्ठेचाळीस, चौपन्न” म्हणत फेऱ्या संपवायची. शनिवारच्या मराठी शाळेत चार वर्षांत जे जमलं नव्हतं ते! इंग्लिश पॅटर्न वाचताना तर आणखी गंमत. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, त्यामुळे लेक रडकुंडीला यायची. आजीकडे उत्तर तयार: “ते काही का म्हणेनात, आपला मुका खांब घाल.” साखळी, खांब, पीळ, गुंता, सैल, घट्ट, उसवणे. हे शब्द तिला मी शिकवलेले नाहीत. ते तिच्या बोटांतून आत गेले.

सासूबाई परत गेल्या, पण दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल चालू राहिला. इकडून उंदराचा कान कॅमेऱ्यासमोर, तिकडून “दोन टाके सुटलेत बघ, उसव.” तासतासभर.

मग आला गणपती. लेकीने बारा उंदीरमामा विणले होते, प्रत्येकाच्या हातात इवलासा मोदक. एका कार्यक्रमात मी ते टेबलावर मांडले आणि जो तो म्हणाला, “किती छान! विकतेस का गं?” माझ्यातली सीए जागी झाली. आठ पौंडाला एक, बाराही उंदीर तासाभरात गेले. छाती फुगली माझी. घरी येऊन एक्सेल शीट केली, इन्स्टाग्रामचं पान केलं, २६ ऑर्डरी घेतल्या. दिवाळीपर्यंत देते म्हणून कबूल केलं. कबूल मी केलं, विणायचं तिने.

आता हिशेब. एका उंदराला सूत १.६० पौंड, आत भरायचा कापूस आणि डोळे ०.७०, पिशवी आणि लेबल ०.३०. एकूण २.६०. विकला आठला, उरले ५.४०. वेळ साडेचार तास. म्हणजे ताशी १ पौंड २० पेन्स. इथे २१ वर्षांवरच्या माणसाचं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पौंड झालं होतं. त्या दराने मजुरी धरली तर एक उंदीर साडेसत्तावन्न पौंडांना पडतो. कोण घेणार? आणि २६ ऑर्डरी म्हणजे ११७ तास. नववीतल्या मुलीचे. शाळा, गृहपाठ आणि झोप सांभाळून.

माझ्या एखाद्या क्लायंटने हा हिशेब आणला असता तर मी त्याला खुर्चीत बसवून सांगितलं असतं, बाबा रे, हा धंदा नाही, दर नगामागे नुकसान आहे. स्वतःच्या लेकीला मात्र मी म्हणाले, “बघ, कशी छान बिझनेसवुमन होतेयस!”

अकराव्या उंदराला तिने सुई खाली ठेवली. भांडली नाही, रडली नाही. “हात दुखतो” म्हणाली, आणि सुई कपाटात गेली. उरलेल्या पंधरा जणांना मी माफी मागून पैसे परत केले. ते सोपं होतं. पुढच्या रविवारचा कॉल मात्र असा झाला: “कशी आहेस?” “बरी.” “जेवलीस?” “हो.” “विणतेस का?” “नाही.” दोन मिनिटं चाळीस सेकंद. मी घड्याळ पाहिलं, सवयच आहे. या नुकसानीला माझ्या शीटमध्ये रकानाच नव्हता.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण यातला प्रत्येक मी स्वतः केलेला आहे.

“मुलांना पैशाची किंमत कळायला नको का?” हवी की! पण ताशी एक पौंड वीस पेन्सने राबवून तिला पैशाची किंमत कळत नाही. तिच्या वेळेला किंमत नाही, एवढंच कळतं. आपल्या आयांना, आज्यांना हेच तर शिकवलं गेलं होतं. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाच्या लेसबद्दल मारिया मीस यांचं १९८२ सालचं पुस्तक आहे. हजारो बायका घरात बसून परदेशी जाणारी लेस विणायच्या आणि त्यांना मोबदला नगण्य मिळायचा, कारण ‘त्या काय, रिकाम्या वेळात विणतात’. रिकामा वेळ म्हटलं की मजुरी बुडवता येते. पैशाचे धडे द्यायचे तर मुलांना घरखर्च दाखवा, गॅस-विजेचं बिल वाचायला द्या, खातं उघडून चक्रवाढ व्याज समजावा. त्यासाठी उंदीरमामाला कामाला जुंपायची गरज नाही.

“विणकामावर कुटुंबं जगलीत.” खरं आहे. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकातल्या दुष्काळात क्रोशाच्या लेसने अनेक घरांत चूल पेटवली. ज्या घराला चार पैशांची गरज आहे त्या घरातली बाई विणून विकत असेल तर मी तिच्या बाजूने उभी आहे, आणि तिच्याशी घासाघीस करणाऱ्याच्या विरोधात. बाजारात दिसणारे क्रोशाचे हे प्राणी यंत्रातून पडत नाहीत, ते कुणीतरी हातानेच विणलेले असतात. त्यामुळे तीन पौंडांचा विणलेला ससा दिसला की स्वस्त मिळाला म्हणून खूश होऊ नका, विणणारीच्या हातात काय पडलं असेल ते मोजा. पण आपण, दोन पगारांची घरं, आपल्या पोरांना त्याच दरात उतरवतोय. ते कशासाठी?

“कॉलेज ॲप्लिकेशनला चांगलं दिसतं.” हा खरा मुद्दा, नाही का? अमेरिकेतल्या मैत्रिणींनो, कॉमन ॲपमध्ये ॲक्टिव्हिटीजसाठी दहा रकाने असतात आणि वर्णनाला १५० अक्षरं. त्या १५० अक्षरांत ‘फाउंडर’ शब्द बसावा म्हणून आपण पोरांचा एकुलता एक निवांत तास विकायला काढतो. रकाना भरायचाच असेल तर ‘आजीकडून विणायला शिकले’ हेही लिहिता येतं, आणि ते खरं असतं. पोहणं, पियानो, अबॅकस, कथक, कोडिंग, सगळ्याला परीक्षा, सगळ्याला लेव्हल. चुकलं तर उसवून पुन्हा करता येतं, आणि कुणी मार्क देत नाही, अशी किती कामं उरलीत मुलांना?

“अगं, हौस म्हणून थोडंसं विकलं तर बिघडलं कुठे?” ठीक, मग नियम ऐका. ब्रिटनमध्ये १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू विकायची तर ती खेळणं ठरते, सुरक्षेच्या चाचण्या आणि सीई किंवा यूकेसीएची खूण लागते. ‘फक्त शोभेसाठी’ असं लेबल लावून सुटका होत नाही, कारण सशाकडे पाहून कोणीही सांगेल की तो कुणासाठी आहे. अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना वेगळं प्रमाणपत्र लागतं. आणि सासूबाई इथे असताना “आजींनाही स्टॉल लावू द्या” म्हणणाऱ्यांनो, व्हिजिटर व्हिसावर माल विकता येत नाही. कर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, इथे वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या अशा उलाढालीला सूट आहे. हौसेत एवढं सगळं घातलं की ती हौस उरते का, तुम्हीच ठरवा.

“मुलगा आहे माझा, तो विणायला लागला तर...” तर टॉम डेलीचं नाव सांगा त्याला. टोकियो ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचं सुवर्णपदक जिंकलेला हा गडी प्रेक्षकांत बसून विणत होता. पदक खराब होऊ नये म्हणून त्याने स्वतः विणलेली पिशवी जगाने पाहिली.

पोरांनी कधीच काही विकू नये असं मी म्हणत नाही. एखाद्या मुलीने स्वतःहून ठरवलं, किंमत स्वतः लावली, आणि नको वाटल्यावर स्वतः बंद केलं, तर तिच्या पाठीशी उभे राहा. प्रश्न एवढाच आहे की विकायची कल्पना कुणाची होती. आमच्या घरी ती माझी होती.

मग करायचं काय? विणलेली वस्तू बघून तोंडात आलेलं ‘विकतेस का’ गिळून टाका. त्याऐवजी विचारा, “कुणासाठी केलंस?” किंवा “हा कान कसा जोडलास गं?” आणि पुढच्या गणपतीत बालउद्योजकांच्या स्टॉलच्या शेजारी एक टेबल असंही ठेवूया, जिथे पैशाची पेटी नसेल. भारतातून आलेले आजी-आजोबा, सुताचे गुंडे आणि दहा-बारा सुया. कुणीही बसावं, विणावं, उसवावं. टेबलाची सोय आणि सुताचा खर्च मी करते. हा खर्च मी कुठल्याही रकान्यात दाखवणार नाही.

आमच्या घरचं विचाराल तर सुई पाच महिने कपाटात होती. मी “घे ना गं” म्हणणंही बंद केलं. मग एका रविवारी मीच सासूबाईंना कॉल लावला आणि म्हणाले, मला शिकवा. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी त्यांच्याकडून काही शिकायला पहिल्यांदाच मागितलं होतं. अकाउंटंट असूनही माझे अठराचे सतरा होत होते. तिसऱ्या रविवारी लेक मागून येऊन थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, “आई, तू टाका वाढवायला विसरलीयेस. उसव.” तिकडून सासूबाई म्हणाल्या, “मी मघापासून तेच सांगतेय.”

तो कॉल पन्नास मिनिटं चालला. माझा अर्धवट हत्ती अजून एका कानावर आहे आणि तो विकाऊ नाही.

कमेंटमध्ये भांडायला या, स्वागत आहे. फक्त आधी स्वतःच्या घरातल्या उंदराचा हिशेब मांडा, आणि त्यात रविवारच्या फोनचा रकाना घाला.