तिसरा माणूस कोणता?

१९५५ हे साल आम्हां भिलाईकर मराठी कुटुंबांच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलादाच्या कारखान्याचा करार झाला आणि मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला. पहिल्या घटनेने आमच्या वडीलधाऱ्यांना विदर्भातून, कोकणातून, पुण्याकडून उचलून या माळावर आणून वसविले. दुसरीने विवाहसंबंध असह्य झाल्यास तो कायद्याने संपविण्याची वाट मोकळी केली. आणि तसे करण्यापूर्वी दोघांत समेट घडविण्याचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले. कारखान्याचा गौरव आम्ही दरवर्षी करतो. दुसऱ्या घटनेचा उच्चारही आमच्या व्यासपीठांवर होत नाही.

हे लिहिण्यास निमित्त घडले ते असे. व्याख्यानमालेत एक दिवस वैवाहिक समुपदेशनासाठी ठेवावा, अशी सूचना आमच्यापैकी काहींनी केली. उत्तर आले, "हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. आपल्याकडे नवराबायकोत तिसरा माणूस येत नाही." सभागृहात हशा पिकला आणि सूचना बारगळली. त्या हशालाच आम्ही आज उत्तर देत आहोत.

नवराबायकोत तिसरा माणूस येत नाही, हे विधान साफ खोटे आहे. मराठी संसारात तिसरा माणूस नेहमीच होता. सासू होती, थोरली जाऊ होती, मामा होता, मध्यस्थ होता. त्यांतला कोणी शहाणा निघाला तर संसार तरून जाई; पक्षपाती निघाला तर बुडे. पण प्रत्येकाचा सल्ला फिरून फिरून एकाच शब्दावर येई : "जुळवून घे." आणि हा शब्द बहुधा एकाच व्यक्तीला उद्देशून असे. ती कोण, हे सांगायला नको. म्हणून तिसरा माणूस असावा की नसावा, हा प्रश्नच चुकीचा आहे. तो कोणता असावा, हा खरा प्रश्न होय.

भिलाईत तर हा जुना तिसरा माणूसही उरला नाही. सेक्टरमधल्या क्वार्टरात दोनच माणसे आली. सासर आणि माहेर दोन्ही एक रात्रीच्या प्रवासावर राहिले. झोतभट्टी विझत नाही, म्हणून पाळ्या अखंड चालतात. नवरा रात्रपाळी करून सकाळी येतो तेव्हा बायको मुलांच्या डब्यात गुंतलेली असते. ती मोकळी होते तेव्हा तो पडदे ओढून झोपलेला असतो. कित्येक दांपत्यांची वर्षेच्या वर्षे अशी फळीवरच्या चिठ्ठ्यांवर आणि "गॅस संपलाय" एवढ्या संभाषणावर निघून गेली आहेत. मग निवृत्ती येते, मुले पुण्या-बंगळूरला असतात आणि आयुष्यभर पाळ्यांनी वेगळी ठेवलेली दोन माणसे अचानक चोवीस तास समोरासमोर येतात. त्यांनी एकमेकांशी बोलावे कसे, हे त्यांना कोणी कधी शिकविलेच नाही.

समुपदेशक नेमके हेच शिकवितो. तो न्यायाधीश नव्हे. चूक कोणाची याचा निवाडा तो देत नाही. बायको म्हणते, "हे बोलतच नाहीत, म्हणून मला तक्रार करावी लागते." नवरा म्हणतो, "ही सतत तक्रार करते, म्हणून मी बोलत नाही." दोघेही खरे सांगत आहेत. प्रत्येकाला आपली कृती हे केवळ उत्तर वाटते आणि दुसऱ्याची कृती हा आरंभ वाटतो. हे फिरते चक्र दोघांच्या मध्ये ठेवून दाखविणे आणि शत्रू जोडीदार नसून ते चक्र आहे हे पटविणे, हे समुपदेशकाचे पहिले काम. एकाने बोलावे, दुसऱ्याने न अडविता ऐकावे, ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे आणि मगच उत्तर द्यावे, हा त्याचा साधा अभ्यास. तो साधा दिसतो, पण वीस वर्षांच्या संसारात एकदाही न घडलेला असतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या संभाषणांचे दीर्घकाळ निरीक्षण करून चार घातक सवयी दाखवून दिल्या : वागणुकीऐवजी स्वभावावरच टीका करणे, तुच्छता दाखविणे, प्रत्येक शब्दापुढे बचावाची ढाल धरणे आणि मौनाची भिंत उभारणे. यांतली तुच्छता सर्वांत वाईट. वाचकांनी आपापल्या घरातील कालचे संभाषण आठवून पाहावे. हे खूळ केवळ पाश्चात्त्यांच्याच घरी आहे काय?

परकीयत्वाचा आक्षेप तर भिलाईत कोणी घेऊच नये. आमची भट्टी रशियन साहाय्याने उभी राहिली. म्हणून तिच्यातून निघालेला रूळ परकीय ठरला नाही. शिवाय दांपत्यजीवनाचा शास्त्रीय विचार मराठीला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांच्यावर खटले भरले गेले आणि समाजाने त्यांना हसून घेतले. आजचा हशा त्याच हशाचा नातू आहे.

"पूर्वी समुपदेशक नव्हते, तरी संसार टिकत," हा दुसरा आक्षेप. टिकत होते खरे. पण कशाच्या बळावर? १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना सांगितले की नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली; पुढे १८८८ साली पैसे देऊन प्रकरण मिटले आणि त्या डॉक्टर झाल्या. ज्यांच्यापाशी तेवढे धैर्य किंवा साहाय्य नव्हते, त्यांचे संसार 'टिकले'. दुसरे दार नसलेल्या घरात कोणी राहिले, तर त्याला सुख म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप अब्रूचा. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला? अहो, ती चव्हाट्यावर आहेच! क्वार्टरांच्या भिंती पातळ आहेत. शेजाऱ्यांना सर्व ठाऊक असते. ज्या एका व्यक्तीवर गुप्ततेचे व्यावसायिक बंधन आहे, नेमके तिलाच तेवढे सांगायचे नाही, असा हा अब्रूचा न्याय!

आता आमच्याच बाजूची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. जेथे मारहाण आहे, धाक आहे, तेथे दोघांना एका खोलीत बसवून "मनमोकळे बोला" म्हणणे हा क्रूरपणा आहे. तिने तेथे खरे बोलले तर त्याची किंमत ती घरी जाऊन मोजते. तेथे आधी सुरक्षितता, मग बाकी सर्व. म्हणूनच जाणता समुपदेशक दोघांना आरंभी वेगवेगळे भेटतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात समुपदेशनाची तरतूद आहे. पण त्याच्या २००६ च्या नियमांनी समुपदेशनात हिंसेचे समर्थन मांडण्यास मनाई केली आहे. "एक थप्पड मारली तर काय झाले" म्हणत समजूत घालून मुलीची परत पाठवणी करणाऱ्यांनी हे वाचावे. ते समुपदेशन नव्हे. ते जुनेच "जुळवून घे", फक्त टेबल-खुर्चीवर बसलेले.

सरकारी व्यवस्था नाही असे नाही. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९८३ साली कुटुंब समुपदेशन केंद्रांची योजना काढली. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवून समुपदेशकांची सोय केली. आमच्या दुर्गलाही असे न्यायालय आहे. परंतु तेथे माणूस पोहोचतो तो अर्ज हातात घेऊन, मन मोडल्यावर. भट्टीच्या अस्तराची तपासणी ती फुटल्यावर करणारा अभियंता कारखान्यात एक दिवसही टिकणार नाही. संसाराच्या बाबतीत मात्र आम्ही सर्व तसलेच अभियंते आहोत.

समुपदेशनाने प्रत्येक संसार सावरतो, असा आमचा दावा नाही. काही जोडपी तेथून विभक्त होण्याचा निर्णय घेऊनही उठतात. पण मुलांना शस्त्र न बनविता, एकमेकांची विटंबना न करता वेगळे होणे हेही लहान यश नव्हे.

आमची मागणी माफक आहे. मराठी मंडळांनी आपल्या वास्तूतील एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. पाळ्या पाहून वेळ ठरवावी. तेथे पात्रता तपासून घेतलेला, शक्यतो मराठी जाणणारा समुपदेशक बसावा. कारण कचेरीत हिंदी कितीही सफाईने बोलणारी स्त्री आपले दुःख सांगताना मायबोलीकडेच वळते. आणि मंडळाच्या एकाही पदाधिकाऱ्याने त्या खोलीत पाऊल टाकू नये, नोंदवहीत डोकावू नये. लग्ने जमविण्यासाठी वधूवर मेळावे भरविण्याचा उत्साह ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी ती लग्ने नांदविण्यासाठी एक खोली देऊ नये काय?

पुढच्या व्याख्यानमालेच्या वेळी हीच सूचना आम्ही पुन्हा मांडणार आहोत. हसणाऱ्यांनी त्या दिवशी आपल्या शेजारी बसलेल्या पत्नीकडे एकदा पाहावे आणि तीही हसत आहे काय, ते पाहून मग हसावे.