कौतुक पुरे, पगाराचं बोला

गेल्या वर्षीच्या ८ मार्चला एका तालुक्याच्या गावी मी प्रमुख पाहुणी म्हणून गेले होते. मागे भलामोठा फ्लेक्स. त्यावर सावित्रीबाई, आणि सावित्रीबाईंपेक्षा मोठे आणखी दोन फोटो, ते कोणाचे हे सांगायला नकोच. कार्यक्रम होता ‘उत्कृष्ट अंगणवाडी सेविका’ गौरवाचा. माझ्या हातून अकरा जणींना शाल, श्रीफळ आणि काचेचं सन्मानचिन्ह दिलं गेलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. ‘तुम्ही गावाच्या आरोग्याचा कणा आहात’ असं मी भाषणात म्हटलं आणि मला स्वतःलाच बरं वाटलं.

चहाच्या वेळी अकरा जणींपैकी एक जवळ आली. पन्नाशी उलटलेली, सत्तावीस वर्षं नोकरी झालेली. नोकरी म्हणायचं नाही, ‘सेवा’ म्हणायचं. म्हणाली, “ताई, भाषण छान झालं. एक विचारू का? ही शाल आमच्याच पैशांची आहे. कार्यक्रमासाठी प्रत्येकीकडून दीडशे रुपये वर्गणी काढली होती. आणि तीन महिन्यांचं मानधन यायचंय अजून. साहेब तुमचं ऐकतील, तेवढं विचाराल का?”

मी विचारलं. साहेब हसून म्हणाले, “वरून अनुदानच आलेलं नाही, मॅडम. पण आम्ही मोटिव्हेशन कमी पडू देत नाही.”

मैत्रिणींनो, या साहेबांना शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या तोंडी हा शब्द घालणाऱ्यांत मीही आहे. त्याच्या दोन वर्षं आधी मी अशाच एका ठिकाणी मुख्य सेविकांचं, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकांचं, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. विषय : ‘हाताखालच्या कर्मचाऱ्यांना प्रेरणा कशी द्यावी’. पाठीवर कोरा कागद टाचून त्यावर एकमेकींचे चांगले गुण लिहायचा खेळ घेतला. बायका हसल्या, दोघी-तिघी रडल्याही. मग फळ्यावर मास्लोचा त्रिकोण काढला. तळाला अन्न, निवारा, सुरक्षितता, टोकाला आत्मसिद्धी. एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षी हा त्रिकोण मी इतक्यांदा काढला होता की डोळे मिटून काढता आला असता. मागच्या रांगेतून एकीने विचारलं, “ताई, ते तळातलं कोण देणार?” सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पुढचा खेळ घेतला.

तो प्रश्न त्या दिवशी मी टाळला. मागच्या वर्षी त्या शालीने तो परत माझ्या हातात आणून ठेवला. तेव्हापासून मी माझीच जुनी पुस्तकं पुन्हा काढून वाचते आहे. प्रेरणेच्या या शास्त्राची जन्मकथा आम्हाला अशी शिकवली होती : अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. तिथे कामगारांवर प्रयोग केले. उजेड वाढवला, विश्रांतीच्या वेळा बदलल्या. काहीही केलं तरी उत्पादन वाढतच गेलं. का? तर कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, या भावनेने. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, ‘लक्ष द्या, माणूस फुलतो’. आम्ही वहीत उतरवून घेतलं.

हे ‘कामगार’ कोण, ते मात्र वर्गात कोणी सांगितलं नाही. १९२७ साली टेलिफोनचे रिले जुळवायला वेगळ्या खोलीत बसवलेल्या त्या तरुण मुली होत्या. पूर्वी त्यांची मजुरी शंभरेक जणींच्या एकत्रित उत्पादनावर ठरायची. खोलीत आल्यावर ती त्यांच्या छोट्याशा गटाच्याच उत्पादनावर ठरू लागली. म्हणजे जास्त काम केलं की जास्त पैसे थेट आपल्या हातात. हा बदल उजेडापेक्षा कमी महत्त्वाचा होता का? शिवाय त्यांतल्या दोघी फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून जानेवारी १९२८ मध्ये त्यांना खोलीतून काढलं आणि दुसऱ्या दोघी आणून बसवल्या. काढलेल्यांतल्या एकीच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं, तर तिच्या बिघडलेल्या वागण्याचं कारण त्यात शोधलं गेलं. आपल्याकडे रक्तक्षय नसलेली बाई शोधावी लागते, तेव्हा बंडखोरीचं हे औषध फारच सोयीचं. तोंड उघडणाऱ्यांना बाहेर काढून उरलेल्यांचा आनंद मोजायचा! प्रयोग मंदीच्या काळात, १९३२ साली, संपला. दंतकथा अजून चालू आहे.

दुसरे गुरू हर्झबर्ग. पगाराने असमाधान तेवढं दूर होतं, खरी प्रेरणा कामातल्या यशातून आणि कौतुकातून मिळते, हे त्यांचं सूत्र. प्रत्येक व्यवस्थापन शिबिरात ते ऐकवलं जातं. पण हे सूत्र निघालं कोणाच्या मुलाखतींतून? पिट्सबर्गच्या परिसरातल्या दोनशे इंजिनियर आणि हिशेबनिसांच्या. महिन्याचा पगार महिन्याला हातात पडणाऱ्या पुरुषाला ‘तुला कशाने हुरूप येतो’ असं विचारलं तर तो कौतुक म्हणेलच. हे उत्तर उचलून, जिला कर्मचारीच मानलेलं नाही अशा बाईला लावायचं? आणि लावणारी मी!

कर्मचारी मानलेलं नाही हे मी रागाने म्हणत नाही, कागदावर तसंच आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून सेविका आणि मदतनीस यांना मिळतं ते वेतन नव्हे, ‘मानधन’. शब्दाकडे जरा बघा. मान आणि धन दोन्ही देतो असं म्हणतो आणि दोन्हींत हात आखडता घेतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये वाढ होऊन यातला केंद्राचा वाटा सेविकेला महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसेला २,२५० रुपये झाला. त्यात राज्यं आपापली भर घालतात, ती राज्याराज्यात वेगळी. गावातली मुलं, गरोदर बाया, स्तनदा माता, वजनं, पोषण आहार, लसीकरणाला हाकारे, सर्वेक्षणं, शिवाय निवडणूक आली की तिची कामं. एवढं करणारी बाई सरकारी पदावर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटलं. २०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने या योजनांत काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार तिघंही असतात हे विशेष. शिफारस शिफारसच राहिली.

मग २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधल्या मणिबेन मगनभाई भारिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. मानधन हेही वेतनाच्या व्याख्येत बसतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सत्तेचाळीस वर्षांनी कोणीतरी त्या शब्दावरची शाल बाजूला केली. त्यानंतरच्याच महिन्यात जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशा कार्यकर्तींचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. कोविडमध्ये दारोदार फिरलेल्या बायकांचा तो गौरव योग्यच होता. पण या दोन घटनांपैकी पुढाऱ्यांच्या भाषणांत तुम्ही कुठली ऐकली? मला पुरस्कारच ऐकू आला. म्हातारपणी हातात चार पैसे देणारा निकाल एकाही गौरव समारंभात ऐकू आला नाही.

आशांचा हिशेब तर आणखी मजेदार. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत नवजात बाळाच्या घरी सहा भेटी द्यायच्या, तेव्हा २५० रुपये. एका भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. वाडीवर जायचं तर रिक्षाचं भाडं तेवढं होतं. आणि फॉर्म अपुरा म्हणून एखादी भेट धरली गेली नाही तर बिल अडतं. याला ‘प्रोत्साहन भत्ता’ म्हणतात! प्रोत्साहन कोणाला, सरकारी तिजोरीला?

तुम्ही म्हणाल, कौतुकाला काहीच अर्थ नाही का? आहे. त्या ८ मार्चच्या सेविकेच्या घरी मी नंतर गेले होते. सन्मानचिन्ह देवांच्या फळीवर, अन्नपूर्णेशेजारी ठेवलेलं. म्हणाली, “सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा सासूने शेजारणीला बोलावून दाखवलं.” बाईच्या कामाला घरात नाव नसतं, गावात नसतं, तेव्हा एक काचेचा तुकडासुद्धा मोठा होतो. म्हणूनच तर चीड येते. या भुकेवर काचेचा तुकडा देऊन भागतं हे वरच्यांना नीट कळलं आहे.

आणि खरी दखल म्हणजे काय, हे बायकांनी अनेकदा आपणहून सांगितलंय. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. फोन तापतात, अडकतात, त्यात जागा पुरत नाही, आणि माहिती भरायचं ॲप इंग्रजीत. त्या काही काम नको म्हणत नव्हत्या. हे काम या हत्याराने होत नाही, असं काम करणारी माणसं सांगत होती. कुठल्याही कारखान्यात मिस्त्री असं म्हणाला तर त्याला जाणकार म्हणतात. सेविका म्हणाली की तिला नोटीस निघते. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचा संप सुरू झाला, तो पार जानेवारीपर्यंत चालला. तेव्हाही ‘मुलांच्या तोंडचा घास काढता’ हे ऐकवलं गेलंच. माया करणारीने हिशेब मागायचा नाही, हा आपल्या घरातला नियम कार्यालयाने जसाच्या तसा उचलला आहे.

एक मुख्य सेविका मला ठाऊक आहे. कधी कोणाला ट्रॉफी दिल्याचं ऐकलं नाही. बोलायला जरा तुसडीच. पण दर महिन्याच्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटं ती वही उघडून वाचते : कोणाचं प्रवासबिल कुठल्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेला वर पाठवलं, परत आलं तर कशासाठी आलं. रजिस्टरमध्ये चूक सापडली तर चारचौघींत बोलत नाही, बाजूला घेऊन दाखवते. एका मदतनिसेचा गर्भ पडला, तेव्हा हिने रजेचा अर्ज स्वतः लिहून तिचा अंगठा घेतला, आणि आठ दिवस त्या अंगणवाडीचा आहार शेजारच्या बचत गटाकडून शिजवून घेतला. वजनकाटा चुकीचं वजन दाखवतो ही सेविकांची तक्रार तिने आपल्या सहीने वर पाठवली. काटा बदलून यायला सात महिने लागले. तिच्या बीटमधल्या बायका तिच्याबद्दल फक्त एवढंच म्हणतात, “आमच्या बाई हिशेब सांगतात.” त्या बीटमध्ये माझं प्रशिक्षण झालेलं नाही. तिचा पगार नियमित आहे, तिला पेन्शन आहे आणि हाताखालच्या पंचवीस जणींना यातलं काही नाही, हे ती एकदाही विसरलेली मला दिसली नाही.

अनुदान वरून येत नाही हे अनेकदा खरं असतं. पण कधी येणार हे विचारणारं पत्र खालून जाऊ शकतं, आणि त्यावर अधिकाऱ्याची सही असू शकते. वर्गणी तर कोणाच्याच अनुदानावर अवलंबून नसते, ती आजच बंद करता येते.

आता आपल्या घरातलं. ज्या संस्थेत मी नऊ वर्षं आहे, तिथे गावपातळीवरच्या कार्यकर्तींना आम्ही काय देतो? मानधन. नियुक्तिपत्र? नाही. बाळंतपणाची रजा? ‘ॲडजस्ट करतो.’ प्रकल्प अहवालात त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणतो, आणि माझा मात्र भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. हिंसाग्रस्त बाईला घेऊन रात्री पोलीस चौकीत बसणारी ती, परिषदेत जाऊन त्यावर निबंध वाचणारी मी. तीन वर्षांपूर्वी आमची सर्वांत चांगली कार्यकर्ती सोडून गेली आणि शहरातल्या कपड्यांच्या दुकानात लागली. मी सहकाऱ्यांना म्हणाले होते, “बांधिलकी कमी पडली.” पुढे दुकानात भेटली तेव्हा साडीची घडी घालत म्हणाली, “ताई, इथे दिवाळीला बोनस आहे. आणि सुट्टी मागितली की चळवळीचं काय, असं कोणी विचारत नाही.”

त्यानंतरही मला हा विषय बैठकीत काढायला दोन वर्षं लागली. काढला तेव्हा उत्तर मिळालं, “देणगीदारांच्या बजेटमध्ये तसं हेड नाही.” म्हणजे वरून अनुदान आलेलं नाही. मैत्रिणींनो, तुमच्या संस्थेतही हेच उत्तर मिळेल, पण विचारा. लेखी विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

आमच्या चौदा कार्यकर्तींपैकी पाच जणींना आतापर्यंत नियुक्तिपत्र मिळालं आहे. ज्यांना मिळालं त्यांतली एक ते घेऊन थेट बँकेत गेली, शिलाई मशीनचं कर्ज मागायला. उरलेल्या नऊ जणींचा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे, तिसऱ्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकावर ८ मार्चचा कार्यक्रम.