पाळी जाताना आयुर्वेदाची मदत किती? शतावरी, अश्वगंधा आणि रीलमधले दावे

चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही स्त्रीचं इन्स्टाग्राम किंवा फेसबुक उघडलं, तर एक जाहिरात हमखास दिसते. अंगातून वाफा निघतात? रात्री घामाने झोप मोडते? उगाच रडू येतं, चिडचिड होते? मग हे चूर्ण, ही गोळी किंवा हा काढा. शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.

दुसरीकडे, नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक मोठा निर्णय जाहीर केला. रजोनिवृत्तीसाठी दिल्या जाणाऱ्या हार्मोन औषधांच्या वेष्टनावर हृदयविकार, स्तनांचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दल ठळक चौकटीत छापला जाणारा इशारा काढून टाकण्याचा तो निर्णय होता. ज्या औषधांना घाबरून लाखो स्त्रिया 'नैसर्गिक' पर्यायांकडे वळल्या, त्यांच्याबद्दलचं चित्र आता बदलतंय.

मग आयुर्वेदाचं काय? तो या काळात खरंच मदत करतो का? कुठे करतो आणि कुठे त्याच्या भरवशावर थांबणं महागात पडू शकतं?

रजोनिवृत्ती म्हणजे नेमकं काय?

सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्याला गरोदरपण, औषधं किंवा दुसरं कारण नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर म्हणतात. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी ५१व्या वर्षी घडतं. भारतात ते त्याआधी, साधारण ४६-४७व्या वर्षी घडतं.

पण खरा त्रास बऱ्याचदा त्याआधीच सुरू होतो. पाळी थांबण्यापूर्वीची काही वर्षं अंडाशयातून तयार होणाऱ्या इस्ट्रोजेनचं प्रमाण वर-खाली होत राहतं. मेंदूतल्या तापमान नियंत्रणाच्या केंद्रावर त्याचा परिणाम होतो, म्हणून भर एसीत बसूनही अचानक चेहरा तापतो आणि घाम फुटतो. झोप मोडणं, धडधड, सांधे दुखणं, विसरभोळेपणा, योनीमार्गाचा कोरडेपणा, वारंवार लघवीला होणं ही बाकीची लक्षणं. प्रत्येकीला सगळंच होतं असं नाही. काहींना जवळपास काहीच जाणवत नाही, तर काहींना नोकरी सोडावीशी वाटण्याइतका त्रास होतो.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत याबद्दल काय आहे?

सुश्रुतसंहितेत पाळी १२व्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि ५०च्या सुमारास, शरीर वयाने पिकल्यावर थांबते असं सांगितलं आहे. हा शरीराचा स्वाभाविक क्रम मानला आहे. पाळी थांबण्याला आजार म्हणून वेगळं प्रकरण जुन्या ग्रंथांत दिलेलं नाही. आज वैद्य ज्या उपचारांना 'रजोनिवृत्तीची चिकित्सा' म्हणतात, ती जुन्या सिद्धांतांवरून अलीकडच्या काळात मांडलेली आहे.

मांडणी साधारण अशी असते. वय वाढलं की वात वाढतो, म्हणून कोरडेपणा, निद्रानाश, सांधेदुखी आणि अस्वस्थता येते. गरम वाफा आणि घाम पित्ताशी जोडले जातात. त्यामुळे प्रत्येकीची प्रकृती पाहून आहार, दिनचर्या, अभ्यंग म्हणजे तेलाचा मसाज, शिरोधारा, बस्ती आणि 'रसायन' औषधं सुचवली जातात. शतावरी, अश्वगंधा, ज्येष्ठमध, अशोकारिष्ट ही त्यातली नेहमीची नावं.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. वैद्य प्रकृती पाहून, तपासून औषध ठरवतो. ऑनलाइन विकली जाणारी बाटली मात्र सगळ्यांना एकच असते. म्हणजे तिच्या जाहिरातीत आयुर्वेदाचं नाव असलं, तरी आयुर्वेदाची पद्धत तिच्यात असतेच असं नाही.

या औषधांचे पुरावे किती भक्कम आहेत?

सर्वात जास्त चर्चा अश्वगंधेची होते. २०२१ मध्ये भारतात झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. पाळी जाण्याच्या काळातल्या १०० स्त्रियांना दोन गटांत विभागलं गेलं. एका गटाला अश्वगंधेच्या मुळाच्या अर्काचे ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तर दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो दिली. आठ आठवड्यांनी अश्वगंधेच्या गटात त्रास जास्त कमी झालेला दिसला. निकाल आशादायक आहे. पण चाचणी शेवटपर्यंत पूर्ण करणाऱ्या स्त्रिया ९१ आणि कालावधी दोन महिने. एवढ्यावरून दोन-तीन वर्षं औषध घेण्याचा सल्ला देता येत नाही.

शतावरीबद्दलही छोट्या चाचण्या आहेत. अशोकारिष्ट, अश्वगंधा चूर्ण आणि प्रवाळ पिष्टी एकत्र देऊन झालेल्या अभ्यासात स्त्रियांना बरं वाटल्याचं नोंदवलं गेलं, पण तुलनेसाठी प्लासिबोचा गट नव्हता.

प्लासिबोचा मुद्दा इतका महत्त्वाचा का? कारण गरम वाफांचा त्रास अनेकींमध्ये आपोआप कमी होतो आणि औषध घेतोय या विश्वासानेही बरं वाटतं. हार्मोन उपचारांच्या २४ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००४ च्या कॉक्रेन आढाव्यात प्लासिबो घेणाऱ्या स्त्रियांमध्येही वाफांचं प्रमाण सुरुवातीच्या तुलनेत सुमारे ५८ टक्क्यांनी घटलं होतं. हार्मोन घेणाऱ्यांमध्ये ते प्लासिबोपेक्षाही ७५ टक्क्यांनी कमी होतं. त्यामुळे 'मला या चूर्णाने फरक पडला' हा अनुभव खरा असू शकतो, पण फरक चूर्णानेच पडला हे त्यावरून सिद्ध होत नाही.

उत्तर अमेरिकेतल्या 'द मेनोपॉज सोसायटी'ने २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपचारांचा आढावा घेतला. गरम वाफांसाठी वनौषधी आणि सप्लिमेंट्सची शिफारस त्यांनी केली नाही. योग आणि व्यायामाचीही केली नाही. वर्तन-विचार उपचार म्हणजे सीबीटी, संमोहन आणि काही ठरावीक औषधांची मात्र केली.

म्हणजे आयुर्वेदाचा उपयोग नाहीच का?

असं म्हणणंही घाईचं ठरेल. वरची शिफारस फक्त गरम वाफा आणि घामाबद्दल आहे. रजोनिवृत्ती एवढ्यापुरती नसते. झोप, मनःस्थिती, स्नायूंची ताकद, हाडं आणि वजन हे प्रश्न पुढची तीस वर्षं सोबत राहतात.

इथे आयुर्वेदाची दिनचर्या उपयोगी पडू शकते. ठरलेल्या वेळी झोपणं, रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर घेणं, तिखट-मसालेदार कमी करणं, दारू-तंबाखू टाळणं, रोज हालचाल करणं. यातला बहुतेक सल्ला आधुनिक डॉक्टरही देतात. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असतं, तीळही कॅल्शियमने भरलेले असतात. भाकरी आणि चटणी हाडांसाठी बाजारातल्या महागड्या 'मेनोपॉज मिक्स'पेक्षा वाईट नाही. अभ्यंग आणि शिरोधारेने शरीर सैलावतं, शांत वाटतं. त्यांनी हार्मोन 'संतुलित' होतात, असा दावा मात्र पुराव्याच्या पलीकडचा आहे.

आणखी एक गोष्ट आहे. अनेक बायकांचं म्हणणं 'या वयात होतंच असं' म्हणून दवाखान्यात दोन मिनिटांत गुंडाळलं जातं. वैद्य मात्र झोप, भूक, पोट, घरचा ताण असं सगळं विचारतो. कोणीतरी नीट ऐकून घेणं हीसुद्धा या काळातली गरज आहे.

हार्मोन उपचारांची भीती आली कुठून?

अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासातून. त्यातल्या १६,६०८ स्त्रियांच्या गटाची चाचणी जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवली गेली, कारण इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. ही वाढ दर १० हजार स्त्रियांमागे वर्षाला ८ जादा रुग्ण एवढी होती. पण बातम्यांमध्ये हा आकडा हरवला आणि 'हार्मोन म्हणजे कॅन्सर' एवढंच लक्षात राहिलं. शिवाय अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आजचा वैद्यकीय सल्ला असा आहे: वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील, त्रास जास्त असेल आणि प्रकृती निरोगी असेल, तर बहुतेकींसाठी फायदा जोखमीपेक्षा जास्त. स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर तोंडाने घ्यायचे हार्मोन सहसा दिले जात नाहीत. म्हणजे हा उपचार सगळ्यांसाठी नाही, पण सगळ्यांनी घाबरावं असाही नाही.

'साइड इफेक्ट शून्य' हे खरं आहे का?

नाही. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतासह अनेक देशांत आहेत. असे प्रकार कमी आहेत आणि औषध थांबवल्यावर बहुतेक जण बरे होतात. पण ज्यांना आधीच यकृताचा आजार होता त्यांच्यात मृत्यूही नोंदवले गेले आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. भारताच्या आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच उत्पादकांना अश्वगंधेची पानं वापरू नका असं सांगितलं होतं. त्यामुळे लेबलवर 'मूळ' लिहिलंय का, हे पाहायला हवं.

अश्वगंधा थायरॉइडच्या हार्मोनवर परिणाम करू शकते, आणि या वयात थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनसारखा परिणाम असल्याचं सांगितलं जाणारं कुठलंही औषध कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नये.

धातूंचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांत हे प्रमाण जवळपास एक पंचमांश होतं, आणि त्यात अमेरिकेत बनलेली उत्पादनंही होती.

जाहिरातींवर कोणाचं लक्ष असतं?

१९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्यानुसार स्त्रियांच्या पाळीतला बिघाड दुरुस्त करण्याचा दावा करत औषधाची जाहिरात करता येत नाही. म्हणून अनेक जाहिराती आजाराचं नाव न घेता 'बॅलन्स', 'वेलनेस', 'स्त्रीशक्ती' असे शब्द वापरतात.

आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी राज्याची परवानगी घ्यावी लागेल, असा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई न करण्याचं पत्र पाठवलं आणि जुलै २०२४ मध्ये नियमच वगळला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वगळण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण बंद झालं आणि स्थगितीही संपली. थोडक्यात, जाहिरात दिसण्यापूर्वी ती कोणी तपासली असेल, असं गृहीत धरता येत नाही.

परवान्यातही फरक असतो. ग्रंथोक्त पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधाला परवाना मिळवण्यासाठी नव्या वैद्यकीय चाचण्या लागत नाहीत. अनेक 'मेनोपॉज' गोळ्या तर औषध म्हणून नाही, अन्नपूरक म्हणून विकल्या जातात. बाटलीवर आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक आहे की एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, यावरून ते कळतं. प्रत्येक घटकाचं प्रमाण, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसेल, तर ती बाटली न घेतलेली बरी.

कोणी अजिबात थांबू नये?

पाळी वर्षभर थांबल्यानंतर एक थेंब जरी रक्त गेलं, तरी आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. बहुतेक वेळा कारण साधं असतं, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचं हे पहिलं लक्षण असू शकतं. पाळी जाण्याच्या काळात खूप रक्तस्राव होणं, गाठी पडणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं हेसुद्धा 'वयामुळे' म्हणून काढ्यावर ढकलू नये. छातीत दुखणं आणि धाप लागणं याला गरम वाफा समजून बसणंही धोक्याचं. जगावंसं वाटत नसेल, तर ते त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायला हवं.

महाराष्ट्रात आणखी एक मोठा गट आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यातल्या अनेक तरुण होत्या. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल, तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. अंडाशय ठेवलं असलं तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढते. पस्तिशीत हे झालं तर हाडं आणि हृदयावरचा परिणाम बरीच वर्षं आधी सुरू होतो.

अशा स्त्रियांना, आणि ४० च्या आत पाळी गेलेल्या कुणालाही, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला सहसा दिला जातो. हाडांची झीज थांबवण्यासाठी शतावरी त्याची जागा घेऊ शकते, याला पुरावा नाही.

वैद्यांकडे जाताना काय सांगावं?

सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, विशेषतः थायरॉइड, रक्तदाब, मधुमेह आणि झोपेची. यकृताचा जुना आजार, घरात कोणाला झालेला कर्करोग आणि शेवटच्या पाळीची तारीख. आणि तीन प्रश्न विचारावेत: हे औषध माझ्या कोणत्या त्रासासाठी आहे, किती आठवडे घ्यायचं, आणि तेवढ्यात फरक पडला नाही तर पुढे काय? मधल्या काळात डोळे किंवा लघवी पिवळी झाली, अंगाला खाज सुटली किंवा भूक मेली, तर औषध बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी. हीच यादी आणि हेच प्रश्न घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडेही जाता येतं. दोघांपासून एकमेकांची औषधं लपवू नयेत.