डोके घरी ठेवून येणारा प्रेक्षक

माहितीपट आणि विनोदी चित्रपट यांविषयी आपल्याकडे दोन मते इतकी रुळली आहेत की ती मते आहेत हेच कुणाच्या लक्षात येत नाही. पहिले असे की माहितीपट म्हणजे सत्य. तो पाहून गंभीर व्हावे, जमल्यास अस्वस्थ व्हावे आणि बाहेर चहा घेताना ‘फारच प्रभावी होता’ असे म्हणावे. दुसरे असे की विनोदी चित्रपट म्हणजे करमणूक. तो डोके घरी ठेवून पाहावा आणि त्याविषयी फार बोलू नये. सहज म्हणून चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाने ही मते बाळगली तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. तिकिटाचे पैसे मोजून तो दोन तासांचा विसावा मागत असतो. परंतु मराठीचे प्राध्यापक आणि पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी हीच मते जशीच्या तशी उच्चारू लागतात तेव्हा हरकत घ्यावी लागते.

उदाहरणासाठी लांब जायला नको. आमच्या शहरातून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत मालेगावात पोचतो. मोसम नदीच्या काठचे हे यंत्रमागांचे गाव उर्वरित देशाला प्रामुख्याने ठाऊक झाले ते २००६ आणि २००८ सालच्या बॉम्बस्फोटांमुळे. फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ सालचा. व्हिडिओ पार्लर चालवलेला नासिर शेख, ‘मालेगाव के शोले’ लोकप्रिय झाल्यानंतर, थेट सुपरमॅनला मालेगावात आणायचे ठरवतो. नायक शफीक हा हडकुळा यंत्रमाग कामगार. त्याच्या चड्डीची नाडी लोंबते आहे, हिरव्या कापडापुढे आडवा धरून त्याला ‘उडवले’ जाते, कॅमेरा पाण्यात पडतो, मध्येच नायकाचे लग्न निघते आणि चित्रीकरण थांबते. हा माहितीपट पाहताना हसू आवरत नाही. त्याच वेळी शुक्रवारच्या सुटीची वाट पाहणारे मजूर, धार्मिक वस्त्यांची वाटणी करणारी नदी, गावातली स्त्री पडद्यावर येऊ शकत नाही म्हणून बाहेरून आणावी लागणारी नटी हे सारे समोर येत राहते. त्यासाठी निवेदकाला आवाज जड करावा लागत नाही. गावाचे दुःख गावाच्या थट्टेतूनच सांगितले जाते, कारण ते गावही स्वतःशी त्याच भाषेत बोलत असते. ‘माहितीपट म्हणजे गांभीर्य’ असे समजणाऱ्याला या तासाभराच्या चित्रपटात काय पाहावे हेच कळणार नाही.

त्याच मालेगावावर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट २०२५ साली प्रदर्शित झाला. चित्रपट नेटका आहे, अभिनय उत्तम आहे आणि प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडले. मात्र या कथापटात शफीकचे आजारपण सुपरमॅनच्या निर्मितीचे कारण बनते; मित्र मरणाच्या दारात आहे म्हणून मित्र त्याला नायक करतात. माहितीपटातल्या मंडळींना असे कोणतेही कारण लागले नव्हते. चित्रपट करावासा वाटला, म्हणून त्यांनी तो केला. गरीब माणसाच्या हौसेला मरणाची शिफारस लागावी, हा आग्रह कुणाचा? मालेगावचा नाही. हसण्याला पुरेसे वजन नाही असे मानणाऱ्या आपल्यासारख्या सुशिक्षित प्रेक्षकांचा तो आहे, आणि चित्रपटाने तो पुरवला आहे. शफीक शेख पुढे खरोखरच कर्करोगाने गेला, ही गोष्ट दुःखाची आहेच. परंतु तिच्यामुळे त्याचे उडणे अधिक मोलाचे ठरत नाही. ते आधीही तितकेच मोलाचे होते.

आता दुसऱ्या मताकडे वळू. डोके घरी ठेवून पाहिलेल्या विनोदी चित्रपटांनी आपल्याला काय दाखवले होते? उमेश कुलकर्णी यांच्या ‘वळू’ (२००८) मध्ये मोकाट बैल पकडायला वन अधिकारी गावात येतो आणि त्याचा धाकटा भाऊ त्या मोहिमेचा माहितीपट करण्यासाठी कॅमेरा घेऊन येतो. कॅमेरा दिसताच गाव बदलते. प्रत्येक जण आपापली भूमिका वठवू लागतो, जुनी भांडणे नव्या उत्साहाने मांडू लागतो. कॅमेरा सत्य टिपतो की सत्य घडवतो, हा माहितीपटाच्या सिद्धान्तातला मूलभूत प्रश्न. तो मराठीत इतक्या सहजपणे क्वचितच मांडला गेला असेल. आपण मात्र ‘छान हलकाफुलका आहे’ म्हणून मोकळे झालो. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ (२००५) या कादंबरीचे भाग्य थोडे बरे, कारण ती पुस्तक होती. साक्षरता अभियानातले कागदी आकडे आणि ते भरणारे शिक्षक यांची ती नोंद कोणत्याही अहवालापेक्षा विश्वासार्ह आहे. तिच्यावरचा २००९ सालचा चित्रपट मात्र चर्चेतही फारसा आला नाही. आशय तोच असताना तो विनोदी चित्रपट झाला की विचाराच्या कक्षेबाहेर का जावा?

यावर एक नेहमीचे उत्तर ठरलेले असते: विनोदाचे विच्छेदन केले की विनोद मरतो. हे उत्तर ऐकायला रसिकतेचे वाटते, पण त्याचा उपयोग बहुधा वाईट विनोदाला संरक्षण देण्यासाठी होतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) मधला एक प्रसंग आठवून पाहा. सरकारी वकील बाई सुटीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन नाटकाला जातात. रंगमंचावर परप्रांतीयाची टिंगल चालली आहे आणि प्रेक्षागृह मनमुराद हसते आहे. नाटक वाईट आहे असे दिग्दर्शक कुठेही म्हणत नाही. तो फक्त हसणाऱ्यांकडे पाहायला लावतो. हीच बाई सोमवारी एका लोकशाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी युक्तिवाद करणार आहे. डोके घरी ठेवून हसणे निरुपद्रवी असते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा.

मग चांगला विनोद आणि वाईट विनोद यांत फरक कसा करायचा? मराठवाड्यातल्या वाचकाला याचे माप बाहेरून आणण्याची गरज नाही. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये एकट्याने ५२ पात्रे उभी केली. त्यांतल्या प्रत्येक पात्राची बोलण्याची लकब, अडखळण्याची जागा, रागावण्याची रीत वेगळी होती. प्रेक्षक बोलीला हसत नव्हता. त्या बोलीतल्या त्या एका माणसाला हसत होता आणि बहुधा त्याच्यात आपला चुलता ओळखत होता. आजच्या दूरचित्रवाणीवरील अनेक प्रहसनांत याच्या उलट घडते. वऱ्हाडी, मराठवाडी, अहिराणी या सर्वांची मिळून एकच ‘गावरान’ भाषा बनवली जाते आणि ती तोंडात आली की पात्र मूर्ख आहे हे गृहीत धरले जाते. पात्रांना स्वतःची भाषा आहे की नाही, हे माप कथा-कादंबरीला आपण लावतोच. ते प्रहसनाला लावताना संकोच कसला?

गांभीर्य आणि हसणे यांची ही फारकत मराठी परंपरेतली नाहीच. सत्यशोधकी जलसे आणि त्यानंतरचे आंबेडकरी जलसे यांनी भटभिक्षुकांची, सावकारांची खिल्ली उडवतच प्रबोधन केले. तेथे टवाळी हा पुराव्याचाच एक प्रकार होता. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून झालेला, तीन तासांहून मोठा माहितीपट ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या गोळीबारापासून आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येपासून सुरू होतो. इतक्या शोकाच्या विषयातही गाणी आहेत, कोपरखळ्या आहेत, वस्तीतल्या बायकांचे खणखणीत हसणे आहे. ‘फार लांबला’ असे म्हणणारा प्रेक्षक ते हसणे मध्यंतरासारखे धरतो. माझ्या मते तेथेच त्या लोकांचा न हरलेला भाग दिसतो, आणि तो वगळला तर उरतो तो केवळ पंचनामा.

आमच्या शहरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागल्यापासून महाविद्यालयीन मुलामुलींना चांगले चित्रपट पाहायला मिळतात, ही आनंदाची बाब आहे. पाहून झाल्यावर त्यांना मते असतात, आणि ती असायलाच हवीत. सहज पाहणाऱ्याचे मत कच्चे असते म्हणून टाकून देणे हा प्राध्यापकी उद्दामपणा झाला. आपले काम एवढेच की ‘आवडला’ किंवा ‘कंटाळलो’ यांच्यापुढचा प्रश्न विचारणे. माहितीपट आवडला असेल तर कॅमेऱ्यासमोर कोण नव्हते? विनोदी चित्रपट आवडला असेल तर नेमके कुणाला हसलात, आणि तो माणूस शेजारच्या खुर्चीत बसला असता तर हसला असता का? एम.ए.च्या एखाद्या अंतर्गत मूल्यमापनाला एवढे दोन प्रश्न द्यावेत. त्यासाठी अभ्यासमंडळाची बैठक बोलवावी लागत नाही.