ईजीआरला पत्रा लावू नका!

मुनिरका आणि आसपासच्या मराठी बंधुभगिनींनो,

थंडी तोंडावर आली आहे. घरी डिझेल गाडी असेल तर दोन मिनिटं काढून हे वाचा, ही कळकळीची विनंती.

गेल्या आठवड्यात आउटर रिंग रोडच्या उड्डाणपुलावर माझी गाडी ओढेनाशी झाली. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, मागे काळा धूर. मेकॅनिकने ईजीआर व्हॉल्व्ह खोलून दाखवला. आत चिकट काजळीचा थर, झडप अर्धवट उघडी अडकलेली. तो म्हणाला, "साफ कशाला करता? पत्रा लावून कायमचं बंद करू. सगळेच करतात."

मी नाही म्हटलं. तुम्हीही नाही म्हणा.

ही झडप धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडते. त्यामुळे ज्वलनाचं तापमान खाली राहतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पत्रा लावला की काळा धूर थांबतो, पण हे वायू वाढतात. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा फक्त दाटपणा मोजतात, हे वायू मोजतच नाहीत. प्रमाणपत्र मिळालं म्हणून गाडी निर्धोक समजू नका. बीएस ४ डिझेल मोटारीला या वायूंची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम होती, एप्रिल २०२० पासून बीएस ६ मध्ये ती ८० वर आली. एवढ्या कष्टाने कमी केलेलं विष आपण एका पत्र्यापायी परत सोडतो. त्यातूनच हवेत नायट्रेटचे सूक्ष्म कण बनतात आणि थंडीत खालीच साचून राहतात. मुनिरका गावच्या अरुंद गल्ल्यांत आपलीच मुलं आणि म्हातारी माणसं ते श्वासातून आत घेतात.

म्हणून एवढं कराच:

१. पिवळा दिवा लागला, गाडी उभ्या उभ्या थरथरू लागली किंवा ओढेनाशी झाली, तर त्याच आठवड्यात स्कॅनरने तपासून घ्या.

२. आधी झडप साफ करायला सांगा, गॅस्केट नवं बसवा. साफ करूनही झडप हलत नसेल तरच बदला.

३. काम आपल्यासमोर करून घ्या आणि बिलावर नेमकं काय केलं ते लिहून घ्या.

४. जुनी गाडी घेताना पत्रा लावलेला नाही ना, हे खोलून पाहा. असेल तर काढायला लावा.

५. रोजची धाव बाजारापुरतीच असेल, तर अधूनमधून गाडी मोठ्या रस्त्यावर सलग चालवा. काजळी कमी साचते.

शेजाऱ्यांनाही सांगा. दिवाळीच्या आत आपल्या वस्तीतली एकही गाडी पत्रा लावलेली राहू नये.

— मुनिरक्यातला एक मराठी रहिवासी