ऊब हवी, पण एकाच बाजूला

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी मी डिसेंबरात अमेरिकेला जाणार आहे. तिकडच्या थोरल्या नातवाने काचेच्या पेटीत साप पाळला आहे. कॉर्न स्नेक म्हणतात. मुलगी दवाखान्यात असताना त्याच्याकडे मलाच बघावे लागेल. थंडीत रात्रभर दिवा लावून वर गोधडी टाकली तर चालेल का? शिवाय इकडचा धाकटा नातू कृष्णेकाठचा दिवड आणून खोक्यात ठेवीन म्हणतो. त्याला काय सांगू?
– एक भगिनी, कराड

उत्तर : भिऊ नका. हा साप बिनविषारी असतो. एकच गोष्ट ध्यानात ठेवा. सापाचे अंग आपल्यासारखे आतून ऊब तयार करीत नाही. गार वाटले की तो उन्हात जातो, तापले की सावलीत. पेटीत ही दोन्ही ठिकाणे आपण द्यायची. सगळी पेटीच तापवली तर बिचारा जाणार कुठे?

म्हणून गरम होणारी चटई पेटीखाली एकाच बाजूला, साधारण तिसऱ्या हिश्श्यात असावी. तिला थर्मोस्टॅट हवाच. इस्त्री जशी ठरावीक उष्णतेला आपोआप बंद होते, तशीच ही सोय. ती नसेल तर पोट भाजते. दोन्ही टोकांना थर्मामीटर ठेवा. तिकडे मोजमाप फॅरनहाइटमध्ये असते, तेव्हा गरम बाजूला ८५ आणि गार बाजूला ७५च्या आसपास आकडा दिसावा. लपायला दोन्हीकडे एकेक आडोसा आणि एक पाण्याचे भांडे ठेवा.

दिवा दिवसा बारा तास पुरे, रात्री अंधार हवा. दिवा पेटीच्या आत नको, साप त्याला वेटोळे घालून भाजून घेतो. आणि गोधडी मुळीच नको! हवा कोंडते, दिव्याजवळ असली तर पेटही घेईल.

खाणे दिल्यावर दोन दिवस त्याला हात लावू नका. पुरेशी ऊब मिळाली नाही तर खाल्लेले पचत नाही, तो ओकून टाकतो. झाकणाची कडी रोज तपासा.

आता बाळाचे. सापाच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि तान्ह्या बाळाला ते फार बाधतात. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात असे प्राणी नसावेत, असेच अमेरिकेचे आरोग्यखाते सांगते. तेव्हा बाळ घरी येण्यापूर्वीच मुलीने डॉक्टरांशी बोलून घ्यावे. तोवर पेटी स्वयंपाकघरात नको, बाळाच्या खोलीत नको, आणि पेटीला हात लावला की साबणाने हात धुतल्याशिवाय कशालाही शिवायचे नाही.

धाकट्याला मात्र स्पष्ट 'नाही' म्हणा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा दिवड पकडून घरात ठेवणे हा गुन्हा आहे. रागावू नका, संगमावर घेऊन जा आणि लांबून दाखवा. जी ऊन-सावली तिकडचा भाऊ पैसे मोजून पेटीत तयार करतो, ती कृष्णेने दिवडाला फुकट दिली आहे, हे त्याला पटेल.