कलेचं दुकान
मुलांच्या तालीमसाठी कर्ज काढायची गोष्ट निघाली की आम्हाला अमेरिकेतली 'आर्ट इन्स्टिट्यूट' आठवते. पिट्सबर्गला १९२१ साली निघालेली ही कलाशाळा १९७० मध्ये एका कंपनीने घेतली आणि देशभर पन्नासच्या आसपास शाखा उघडल्या. फॅशन शिका, ॲनिमेशन शिका, नोकरी ठरलेलीच! नोकऱ्यांचे ते आकडे फुगवलेले होते, हे पुढे सरकारी चौकशीत निघालं. प्रवेश आणणाऱ्यांना डोईमागे मोबदला दिल्याचाही आरोप झाला. (शाळेत की बाजारात?) २०१५ मध्ये कंपनीने सुमारे साडेनऊ कोटी डॉलर कबूल करून तडजोड केली. सप्टेंबर २०२३ मध्ये उरलेली आठही कॉलेजं बंद पडली. २०२४ मध्ये सरकारने ३,१७,००० विद्यार्थ्यांचं ६१० कोटी डॉलरचं सरकारी कर्ज माफ केलं. खासगी बँकांचं कर्ज त्या माफीत नव्हतं. ते व्याजासकट फेडायचंच.